मदत हवी आहे: ठाण्यात 1998 ची इमारत, स्ट्रक्चरल ऑडिट आत्ता करायचं की तिशी उलटल्यावर?

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी पाचपाखाडीत आहे, तळमजला अधिक सात, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) 1998 ची. यंदा खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलंय. पार्किंगमधल्या दोन कॉलमना उभ्या भेगा गेल्यात, एकाचं काँक्रीट सुटून गंजलेली सळई दिसते. गच्चीची गळती वेगळीच.

सभेत ऑडिटचा, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीची मजबुती तपासून घेण्याचा, विषय काढला तर ज्येष्ठ सभासद म्हणतात, पालिकेचा नियम तीस वर्षांनंतरचा आहे, घाई कशाला? खरी भीती वेगळी आहे. रिपोर्टमध्ये 'सी-1' (अतिधोकादायक) आलं तर घर रिकामं करावं लागेल. थर्मामीटर लावला नाही म्हणजे ताप नाही, असा हिशेब!

महापालिका अधिनियमाच्या कलम 265-अ मध्ये 30 वर्षांची अट आहे हे खरंच. पण सोसायट्यांच्या आदर्श उपविधी (नमुना नियमावली) 77 प्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी ऑडिट करायचं असतं. आमचं एकदाही झालेलं नाही. सभेला हे कसं पटवायचं?

दुसरी अडचण जास्त मोठी. आरसीसी ड्रॉइंग (कॉलम-बीममधल्या सळया-काँक्रीटचे नकाशे) कुणाकडेच नाहीत, बिल्डरचं ऑफिस कधीच बंद झालं. त्यात दुसऱ्या मजल्यावर एकांनी बाल्कनी आत घेताना नेमकं काय तोडलं, याची कुठेच नोंद नाही. 2017 च्या लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या आगीत 72 माणसं गेल्यावर इंग्लंडने 2022 मध्ये कायदा केला. किमान 18 मीटर किंवा सात मजली निवासी इमारतीची माहिती बांधकामापासून जपायची आणि ती जबाबदारी कुणाची तेही ठरलेलं. नुसतं इमारतीचं वय मोजण्यापेक्षा मला हे जास्त उपयोगाचं वाटतं. आपल्याकडे कमिटी बदलली की फायलीही जातात.

ड्रॉइंग कुठून मिळवायची? खर्च सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीतून) चालेल का?

प्रतिसाद: गिलावा

मंजूर नकाशासाठी पालिकेच्या शहर विकास विभागात माहिती अधिकारात अर्ज टाका. आरसीसी ड्रॉइंग तिथे मिळतीलच असं नाही. नसली तरी ऑडिट अडत नाही, फक्त चाचण्या वाढतात: काँक्रीट न फोडता त्याचा दर्जा बघायला रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक, काँक्रीटचा नमुना कापून तपासायला कोअर, सळईच्या गंजासाठी हाफ-सेल. कोटेशन मागताना प्रत्येक चाचणीचे किती पॉइंट ते लिहून घ्या, नाहीतर चार फोटो काढून रिपोर्ट हातात देतात. इंजिनिअर पालिकेच्या पॅनलवरचाच घ्या.

सभेला सांगा, सी-1 शिवाय इतर वर्गही आहेत. सी-2बी म्हणजे घर न सोडता दुरुस्ती. थांबलात तर सी-1 चीच शक्यता वाढते.

प्रतिसाद: कळव्याची माई

अहो, सोसायटीने 2014 चे उपविधी स्वीकारलेत का ते आधी बघा. जुन्यांवरच चालत असाल तर 77 दाखवून उपयोग नाही, आधी उपविधींमधली दुरुस्ती मंजूर करून घ्या. सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीला वापरता येतो, पण आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. ऑडिटची फी दुरुस्ती-देखभाल फंडातून द्या, वाद होणार नाही.

आणि सळई उघडी पडलेल्या कॉलमसाठी सभेची वाट बघू नका. इंजिनिअरला उद्याच बोलवा, तो म्हणाला तर प्रॉप (तात्पुरता टेकू) लावून घ्या आणि तोवर त्या बाजूचं पार्किंग बंद ठेवा. बाल्कनीवाल्यांनाही लेखी पत्र द्या, पोच घेऊन.