मदत हवी आहे: शिडाच्या बोटीतली लाकडी जमीन काळी पडलीय, घासायचं मशीन मारू का?

मंडळी, इथे पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून एक जुनी २५ फुटी शिडाची बोट घेतलीय, बायको तिला माझी सवत म्हणते. एरवी गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातच बांधलेली) असते, पावसाळ्यासाठी वर काढलीय, सध्या ताडपत्रीखाली.

तर केबिनची जमीन. लांबून बघितलं तर सागाच्या पट्ट्या आणि मधे पांढरट रेघा, झकास दिसते, पण शिडीच्या पायाशी जेवणाच्या ताटाएवढा काळा डाग आणि प्रत्येक स्क्रूभोवती काळं कडं. जुनं पॉलिश नखाने खरवडलं की कांद्याच्या सालीसारखं सुटतं. मला वाटलेलं अख्खा साग असेल, फळी उचलून कड बघितली तर आत प्लाय, वर विनियर, म्हणजे सागाचा पातळ पापुद्रा, जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीचं!

आमच्या बिल्डिंगमधला मिस्त्री म्हणतो मशीन मारतो, तासाभरात गोरं करून देतो आणि वर मेलामाइन पॉलिश. मला धाकधूक होतेय कारण तो कपाटं करणारा माणूस, बोटीत कधी पाऊल नाही ठेवलेलं. डाग घासून जाईल का, पॉलिश कुठलं मारू आणि आत्ता जुलैत करू की थांबू? नवीन प्लाय टाकायचं बजेट नाही.

प्रतिसाद १
मशीन अजिबात नको, विनियर फाटून प्लाय दिसला की संपलं. काळं झालंय ते लोखंडी स्क्रू, पाणी आणि सागातलं टॅनिन (लाकडातलं नैसर्गिक द्रव्य) मिळून, ते खोल जातं, घासून नाही जात. आधी जुनं पॉलिश रिमूव्हरने काढा, मग ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा (विषारी आहे, हातमोजे आणि मास्क हवाच), नंतर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. लाकडात समुद्राच्या पाण्याचं मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत बसतं. सुकल्यावर २२० चा पॉलिशपेपर, हाताने, रेषेच्या दिशेने, हलकासा.

मेलामाइन कपाटाला ठीक. इथे मरीन व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन), तेही सॅटिन म्हणजे मंद चमकेचं, चकचकीत केलंत तर ओल्या पायाने आपटाल. साग तेलकट असतो म्हणून आधी ॲसिटोनने पुसा आणि पहिला हात थिनर घालून पातळ. आणि खालची बाजू, कडा, स्क्रूची भोकं सोडू नका, पाणी शिरतं तिथूनच. स्क्रू स्टेनलेसचे घाला.

जुलैच्या दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडेल. फळ्या सुट्या होतायत ना? मग घरी नेऊन पंख्याखाली आडव्या सुकवा आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की रंगवा.

धागाकर्ता
लय भारी, आभार! मिस्त्रीला नाही म्हणून कळवलं. बाकी सगळं जमेल, पण सवत आता थेट हॉलमध्ये येणार, हे घरी कोण सांगणार?