शटर-दारांच्या धंद्यात कुलूप-चावीचं काम जोडायचंय, कुठून सुरुवात करू?

राम राम मंडळी,

जळगावात माझं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि दोन कारागीर. दुकानांची शटरं, ॲल्युमिनियम सेक्शनची दारं, काचेच्या दारांचं पॅच फिटिंग (काच धरणारे धातूचे जोड) आणि फ्लोअर स्प्रिंग (दार आपोआप बंद करणारी जमिनीतली स्प्रिंग), एवढंच करतो. कुलूप दारासोबत बसवून देतो, पण ते बिघडलं की "चावीवाल्याला बोलवा" म्हणून मोकळे होतो.

हे आता मला पटत नाही. मागच्या महिन्यात सकाळी सातला एका मेडिकलवाल्या भाऊंचा फोन आला. शटरच्या साइड लॉकमध्ये चावी तुटली होती आणि चावीवाला गावाला गेलेला. माझा कारागीर ग्राइंडर घेऊन गेला, लॉक कापलं आणि खालची पट्टीही खराब करून बसला. तुटलेला तुकडा नंतर मी हातात घेतला. नखाएवढा होता, दातांवर तेलाचा आणि धुळीचा काळा चिकट थर. बारीक हूक जवळ असता तर तो न कापता निघाला असता. पट्टीचे पैसे मी घेतले नाहीत, पण दुकान अकरापर्यंत बंद राहिलं. इन्सुलिन न्यायला आलेल्या एक आजी तोवर पायरीवर बसून होत्या. ते डोक्यातून जात नाही.

तिजोरी, गाडीच्या चाव्या यात मला पडायचं नाही. तुटलेली चावी काढणं, सिलिंडर (कुलपातला, चावी घालायचा भाग) बदलणं आणि जमलं तर जुन्याच सिलिंडरच्या पिना (चावीच्या दातांवर बसणाऱ्या आतल्या बारीक कांड्या) बदलून नवी चावी लावून देणं, एवढंच हवंय. घरी एक जुना सिलिंडर खोलून बघितला, तर आतला गाभा ओढताच स्प्रिंगा आणि पिना खोलीभर उडाल्या. हे नीट शिकायचं कसं?

दुसरं म्हणजे, बंद कुलूप उघडून द्यायचं काम घ्यावं का? एका गाळ्याच्या मालकाने लॉक बदलायला बोलावलं, मी गेलो, तर भाडेकरू भाड्याच्या पावत्या घेऊन दारातच उभा. मी हत्यारं पिशवीत घातली नि परत आलो. असं पुन्हा झालं तर काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवायचंय.

बाजारात बसणाऱ्या चावीवाल्या काकांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. डुप्लिकेट चाव्या त्यांच्याकडूनच करून घेईन म्हणतो.

प्रतिसाद (धुळे)

भाऊ, पिना उडाल्या कारण गाभ्यामागून फॉलोअर सरकवला नाही. गाभ्याच्याच जाडीची गोल दांडी असते. चावी लावून गाभा थोडा फिरवायचा आणि मागून दांडी ढकलत पुढे काढायचा, म्हणजे वरच्या पिना जागेवर राहतात. पाच-सहा पिनांचा खेळ आहे, दहा जुने सिलिंडर खोलून जोडा, हात बसेल.

पण सुरुवात सिलिंडर बदलण्यापासून करा. माप दाराच्या जाडीवर काढू नका, स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं घ्या. दोन्हीकडे 30 आलं तर 60 मिमी. दोन बाजू सारख्या असतीलच असं नाही, तिथेच लोक फसतात.

आणि तेल बंद करा! आपल्याकडची धूळ तेलावर बसून लगदा होतो. ग्राफाइट पावडर वापरा. मे महिन्यात "लॉक लागत नाही" म्हणून फोन येतील तेव्हा आधी पल्ला बघा. सात फुटी ॲल्युमिनियमचा पल्ला 20 अंशांच्या फरकाने मिलीमीटरभर वाढतो. लॉक चांगलं असतं, बोल्ट (कुलपाची बाहेर येणारी जीभ) चौकटीवरच्या पट्टीला अडतो. पट्टीचं भोक कानशीने जरा मोकळं केलं की काम झालं.

उघडायच्या कामाला ओळखपत्र आणि जागेचा कागद बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन्हींचे फोटो, सही, तारीख वहीत. मालक-भाडेकरूचा वाद दिसला की परत फिरायचं, तुम्ही केलंत तेच बरोबर. बँकेचं किंवा कोर्टाचं सील असेल तर लांबूनच नमस्कार.

धागाकर्ता

मनापासून आभार भाऊ. वही आजच घातली. अजून एक विचारतो. एका क्लासवाल्या सरांना मागच्या दाराला आतून चावीचं कुलूप हवंय, पोरं मधेच पळतात म्हणून. वर साठ मुलं बसतात आणि उतरायला ते एकच दुसरं दार. मी नाही म्हणालोय, चावीशिवाय आतून उघडणारा पॅनिक बार (ढकलला की दार उघडणारी आडवी दांडी) सुचवलाय. त्या दाराला लोखंडी चौकट आहे, पल्ला जुना लाकडी. त्यावर बार कुणी बसवलाय का?