जोंग्याला तीन कार्ब्युरेटर? आधी एक तरी नीट लावा

यवतेश्वरचा उतार (सातारा)
काल सांगलीच्या एका भावानं जोंग्याचा, म्हणजे फौजेतल्या जुन्या जीपचा, फोटो टाकला. मूळ कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा) भंगारात, त्या जागी ओळीनं तीन, आणि लेथवर घासून आणलेला ‘रेसिंग कॅम’ (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). खाली वाक्य: ‘ओरिजिनल ठेवणारे म्हणजे आजोबांचं धोतर जपणारे.’ मी धोतरवाला, म्हणून एवढं लिहितोय.

निस्सानचं पी इंजिन आहे ते. बोअर ८५.७, स्ट्रोक ११४.३ मिमी, ३९५६ सीसी. एवढ्या लांब स्ट्रोकचं इंजिन बैलासारखं ओढतं, त्याला शंकरपटात पळवायचं नसतं. कॅमचं ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा काळ, वाढवलं की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. रेस कमी असताना पिस्टन वर येतो आणि आत घेतलेली पेट्रोल-हवा परत मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांत) ढकलतो. कॉम्प्रेशन मुळातच कमी, त्यातलं आणखी सांडलं. मग पसरणीच्या घाटात दुसऱ्यावर चढणारी गाडी पहिला मागते. वर पाच हजाराला ताकद मिळते म्हणे. ५००० फेऱ्यांना त्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर होतो. पन्नास वर्षांच्या क्रँकला विचारलंत का?

आणि तीन कार्ब्युरेटर कशाला? ३६०० फेऱ्यांना हे इंजिन अगदी पोट भरून घेतलं तरी मिनिटाला सात हजार लिटरच्या आसपास हवा ओढणार. दोन बॅरलचा एक चांगला कार्ब्युरेटर तेवढी सहज देतो. टोकाच्या १ आणि ६ नंबरच्या सिलिंडरांचे प्लग काढून फोटो टाका, रंगावरून कुणाला किती पेट्रोल मिळतंय ते कळतं, मग बोलू.

हळद पेठ (सांगली)
तो फोटो माझाच. धोतराचं मनाला लागलं वाटतं.

प्रश्न हवा पुरण्याचा नाही हो, वाटपाचा आहे. मधोमध एक कार्ब्युरेटर आणि सहा सिलिंडरांची लांबलचक पंगत. ३ आणि ४ च्या ताटात जिलेबी पडते, १ आणि ६ पर्यंत नुसता वास जातो. मी दोघांत एक वाढपी ठेवला. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून तिन्हींचा ‘सूंऽऽ’ सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवले. अख्खा रविवार गेला, बायको बोलायची बंद झाली. पण आता स्लोवर बॉनेटवर स्टीलचा पेला ठेवला तर पाणी हलत नाही.

लेथवाला (मिरज)
पेल्यातलं पाणी हलत नाही म्हणजे कॅम रेसिंगचा नाही, एवढं नक्की. खऱ्या मोठ्या कॅमवर गाडी स्लोला म्हशीसारखी डोलते. व्हॅक्यूमचा काटा नाचतो आणि ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असेल तर पेडल दगड होतं.

कॅम घासणाऱ्यांनो, बेस सर्कल (कॅमच्या उंचवट्यामागचा गोल भाग) बारीक होतो, मग पुशरॉडची लांबी आणि रॉकरची सेटिंग कोण बघणार? आणि नव्या कॅमवर जुने टॅपेट (कॅमवर टेकणारे तुकडे) कधीही घालू नका. एका हौशी गिऱ्हाइकानं माझं न ऐकता घातले. पंधरा दिवसांत डिपस्टिकवर चंदेरी ऑइल. कॅमचे दोन उंचवटे साफ खाल्ले होते. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं दोन हजारावर चालवायची, स्लोला सोडायची नाही, ऑइल झिंकवालं.

निवृत्त हवालदार (अपशिंगे)
आम्ही हीच गाडी पलटणीत चालवली, एका कार्ब्युरेटरवर. तक्रार ऍव्हरेज सोडून कसलीच नव्हती. खरं दुखणं वेगळंच आहे. घरच्या जोंग्यात हल्लीचं पेट्रोल टाकल्यापासून फ्लोटची सुई अडकते, रबरी पाइप फुगून लिबलिबीत झाले. पावसाळ्यात महिनाभर पत्र्याखाली उभी होती. टाकीच्या तळातून पाणी निघालं. वीस टक्के इथेनॉल आहे, ते हवेतलं पाणी ओढतं.

आडसाली (वाळवा)
आलं का इथेनॉलवर! वर्षात चार वेळा फिरवायच्या खेळण्यासाठी आमच्या उसाला नावं ठेवायची. पाइप बदला, चारशे रुपयांचं काम.

यवतेश्वरचा उतार
पाइपाचं नाही दादा. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. जुन्या कार्ब्युरेटरला सेन्सर नसतो, तो आपला जुन्याच मापानं इंधन सोडतो आणि मिक्श्चर पातळ (इंधन कमी, हवा जास्त) होतं. इंजिन तापतं, चढाला दम खातं.

आडसाली
मग पेट्रोल सोडणारा जेट मोठा घाला. शाळेत जेट आम्हीही शिकलोय. सोळा-अठरा महिने ऊस उभा करायचा, तोडीसाठी टोळीच्या मुकादमाच्या पाया पडायचं. कायद्यानं चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. मला एका कारखान्यानं पाचव्या महिन्यात दिले, तेही दोन हप्त्यांत. इथेनॉलचे पैसे कारखान्याला लवकर मिळतात म्हणून निदान आशा तरी आहे. तुमच्या १ नंबरच्या प्लगसाठी ती सोडू?

हळद पेठ
पैसे कारखान्याला लवकर मिळतात, तुम्हाला पाचव्या महिन्यात. मग भांडण जोंग्याशी का?

आडसाली
तुम्ही हळदवाले बोलू नका. तुमचा माल गोदामात ठेवून भावाची वाट बघता येते. ऊस तोडला की वाळतो.

निवृत्त हवालदार
माझ्या मुलाचाही ऊस आहे आणि जोंगाही माझाच. मी कोणाच्या बाजूनं बोलू?

लेथवाला (मिरज)
धागा कॅमचा होता. पेट्रोलचंच म्हणाल तर शिसं २००० साली गेलं, तेव्हाही जुन्या गाड्या मरणार म्हणून बोंब झाली होती. हेडमध्ये कडक सीट बसवल्या, चालल्या. आणि ज्यांना जुन्या गाड्यांचा ‘व्हीए’ नंबर हवाय त्यांनी २०२१ चा नियम वाचा. पन्नास वर्षं पुरी हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. तीन कार्ब्युरेटर आरटीओला दाखवून बघा.

हळद पेठ
माझी १९७८ ची आहे. २०२८ पर्यंत तीनावर मजा करतो, मग तुमचं धोतर नेसतो. बरं, उतारसाहेब, प्लग मला मागितलेत. हे घ्या माझे सहाही, सगळे विटकरी, म्हणजे वाटप बरोबर. आता तुमचे?

यवतेश्वरचा उतार
काढले. ३ आणि ४ काळे, म्हणजे पेट्रोल जास्त; १ आणि ६ खडूसारखे पांढरे, म्हणजे कमी. पंगतीचं म्हणणं मान्य. खुश?

मेन जेट एक माप मोठा घालून बघतोय. बेसची गॅस्केट हवा ओढत होती, तीही बदलली. कॅमला हात लावणार नाही.

लेथवाला (मिरज)
जेट मोठा केला की ३ आणि ४ आणखी काळे होणार.

यवतेश्वरचा उतार
माहीत आहे. हळदवाले, ते तीन बसवायला मॅनिफोल्ड कोणाकडून करून घेतलंत?