‘इरोटोमेनिया’ला मराठीत काय म्हणावं?

इरोटोमेनिया म्हणजे कुणाचं तरी आपल्यावर प्रेम आहे, अशी ठाम पण खोटी खात्री बसण्याचा मानसिक आजार. त्यासाठी ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्द बऱ्याच जणांनी सुचवलाय, पण तो इथे अजिबात चालणार नाही. एकतर्फी प्रेमात माणूस म्हणतो, ‘माझं त्यांच्यावर प्रेम आहे.’ या आजारात म्हणतो, ‘त्यांचं माझ्यावर प्रेम आहे, आणि सुरुवात त्यांनीच केली.’ ‘माझं’च्या जागी ‘त्यांचं’ आलं की अर्थ पार उलटतो.

फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ द क्लेरांबो यांनी १९२१ साली याचं नेमकं वर्णन केलं. त्यांच्या रुग्णांपैकी एका ५३ वर्षांच्या बाईंची खात्री होती, की इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज आपल्यावर प्रेम करतात. त्या लंडनला जाऊन बकिंगहॅम राजवाड्याबाहेर उभ्या राहायच्या. खिडकीतला पडदा हलला, की राजाने खूण केली असं त्या धरून चालायच्या.

कोशात कधीकधी ‘कामोन्माद’ दिसतो. तो तर नकोच. ‘काम’ म्हटलं की शरीराची वासना आली, आणि इथे ती असेलच असं नाही. एस्किरोल या फ्रेंच डॉक्टरांनी हा फरक १८३८ मध्येच करून ठेवला होता.

अशा खोट्या खात्रीसाठी ‘संभ्रम’ हा शब्द मानसशास्त्राच्या पुस्तकांत असतो, पण बोलण्यात संभ्रम म्हणजे काय करावं ते न सुचणं. या माणसाला तर सगळं लख्ख कळलेलं असतं! ‘भास’ क्षणाचा, होतो आणि जातो. उरतो ‘भ्रम’. मला ‘प्रेमभ्रम’ त्यातल्या त्यात बरा वाटतो. ‘भ्रमिष्ट’ मात्र कुणी म्हणू नये, फार लागतं ते. एरवी ही माणसं घर, नोकरी, हिशेब नीट सांभाळत असतात.

तरी ‘भ्रम’ या शब्दातही एक अडचण आहे. मराठीत भ्रम ‘फिटतो’. त्यामुळे घरच्यांना वाटतं, पुरावा दाखवला की फिटेल. माझ्या एका लांबच्या आत्याचं बँकेतल्या साहेबांबद्दल असंच होतं. पासबुकावर शिक्का तिरका उमटला, की तो तिला निरोप वाटायचा. साहेबांची बदली झाली, तर ‘लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून त्यांनीच मागून घेतली,’ म्हणाली. वाद घालून काही होत नव्हतं. पुढे औषधांनी ती बरीच निवळली, पण त्याआधी काकांनी एक शेवटचा उपाय केला होता. साहेबांना भेटून, ‘माझा यांच्याशी काहीही संबंध नाही,’ अशी सहीची चिठ्ठीच आणली.

आत्याने ती दोनदा वाचली, नीट घडी घालून पोथीत ठेवली आणि म्हणाली, ‘बायकोसमोर असंच लिहावं लागतं हो त्यांना.’