बाळंतिणीला झोप नाही, घरचे बडव्याकडे (भगत-मांत्रिकाकडे) नेतात. कसं बोलू?

आशाताई (आशा स्वयंसेविका), धडगाव, जि. नंदुरबार: पाड्यावरची एक बाळंतीण रात्रभर टक्क जागी असते, बाळाला जवळ घेत नाही. सासू म्हणते, बाहेरचं लागलंय. सुनेला पावरीच (पावरा आदिवासींची बोली) येते, मराठी जेमतेम. जीव तुटतो हो.

परिचारिका: ताई, बडव्याला खोटं पाडू नका, दारं बंद होतील. "पूजा करा, सोबत डॉक्टरही दाखवू" म्हणा. सासूलाच बरोबर घ्या. भास होत असतील किंवा बाळाला इजा करण्याचं बोलत असेल तर आजच दवाखाना, तोवर बाळासोबत एकटी ठेवू नका.

समुपदेशक: १४४१६ ला फोन लावा, टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन. फुकट, २४ तास, मराठीतूनही. तुम्ही शेजारी बसून सुनेला पावरीत सांगा. "वेड" शब्द टाळा. झोप, भूक, छातीतली धडधड विचारा.

आशाताई: सासूशी उद्या सकाळीच बोलते.