कुहली लोच उन्हाळ्यात अशक्त होत आहेत, मदत हवी आहे (भुसावळ)

नमस्कार.

माझा तीन फुटी वनस्पतींचा टँक गेली दोन वर्षे व्यवस्थित चालू आहे. वाळू आणि लाकूड वजा जाता त्यात सुमारे 130 लिटर पाणी असते. व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन आणि लाकडाला बांधलेले जावा फर्न आहे, तर माशांमध्ये दहा हार्लेक्विन रासबोरा आणि सहा चेरी बार्ब. दिवाळीनंतर मी त्यात सहा कुहली लोच सोडले. आग्नेय आशियातील संथ पाण्यात, पालापाचोळ्याखाली राहणारे हे मासे मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी पसंत करतात, हे वाचलेले असल्यामुळे गिरणेची बारीक वाळू व्हिनेगर टाकून तपासली, फेस येत नाही हे पाहून मगच तळाला घातली, आणि अंगणातील देशी बदामाची वाळलेली पानेही टाकली. हिवाळाभर ते उत्तम होते. दिवा मालवला की पानांखालून बाहेर येत आणि वाळू चाळत फिरत. त्यासाठी मी रोज रात्री थोडा वेळ टँकजवळ बसत असे.

एप्रिल लागल्यापासून चित्र बदलले. आपल्याकडचा उन्हाळा खानदेशातील सभासदांना वेगळा सांगायला नको. पाणी 34 अंशांवर गेल्यावर मी झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला. हवा कोरडी असल्यामुळे त्याचा चांगला उपयोग झाला आणि तापमान 30 वर आले. पाणी मात्र रोज जवळजवळ तीन लिटर उडते, ते मी बोअरच्या पाण्याने भरून काढते. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलते, त्या वेळी निम्मे बोअरचे आणि निम्मे आरओचे (यंत्राने क्षार काढलेले) पाणी मिसळते.

सध्या सहापैकी चारच लोच दिसतात. त्यांतील दोघांची पाठ डोक्यामागे खचल्यासारखी दिसते, आणि पहाटे ते वेगाने वर येऊन हवा गिळून परत खाली जातात. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 780 आणि पीएच 8.1 आहे. टँकचा टीडीएस मार्चमध्ये 410 होता, काल तो 860 भरला. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत. दुकानदाराने हा रोग असल्याचे सांगून तांबेयुक्त औषध दिले आहे, परंतु ते टाकण्याचे धाडस मला झालेले नाही. हे मासे आपल्या हवामानात ठेवणे मुळातच चुकीचे आहे का, आणि त्याऐवजी कृष्णा खोऱ्यातील पट्टेदार बोटिया स्ट्रायाटा ठेवावेत का, याबद्दलही मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद, धुळ्याहून

ताई, औषध टाकले नाहीत हे फार बरे केलेत. लोचच्या अंगावरील खवले अतिशय बारीक असतात, त्यामुळे तांब्याचा त्यांना लवकर त्रास होतो.

आपल्याच आकड्यांकडे पाहा: टँकचे पाणी बोअरपेक्षाही जड झाले आहे. पंख्याने पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि त्यांवर आपण रोज तीन लिटर बोअरचे पाणी, म्हणजे जवळपास सव्वादोन ग्रॅम क्षार, आणखी घालत आहात. आठवड्याला पंधरा-सोळा ग्रॅम. पाणी बदलताना आरओ मिसळून जे कमावता ते असे निघून जाते. उडालेले पाणी केवळ आरओनेच भरावे. मात्र टीडीएस एकदम खाली आणू नये. एक दिवसाआड दहावा हिस्सा नेहमीच्या मिश्रणाने बदलत जावे.

पहाटे हवा गिळण्याचे कारण वेगळे आहे. 25 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच, आणि रात्री वनस्पतीही तो वापरतात. अनेक लोच गिळलेल्या हवेतून आतड्यावाटे ऑक्सिजन घेतात, त्यामुळे त्यांचे वर येणे हा रोग नव्हे, परंतु पहाटे पाण्यात ऑक्सिजन कमी पडत असल्याची ती सूचना आहे. रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवावा, आणि लाईट जात असल्यास बॅटरीवरचा पंप घ्यावा. खाणे दिवसा देत असाल तर ते बार्बच संपवत असतील. दिवा मालवून अर्ध्या तासाने बुडणाऱ्या गोळ्या द्याव्यात. एवढे करूनही महिन्याभरात अंग भरले नाही, तरच पोटातील जंतांचा विचार करावा.

न दिसणारे दोन मासे आधी फिल्टरच्या डब्यात शोधा. नळीला स्पंज नसेल तर कुहली सहज आत शिरतात. झाकण काढले असल्यास जाळी बसवा. बोटिया स्ट्रायाटा मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, पण सह्याद्रीतील हा मासा संकटग्रस्त प्रजातींत मोडतो. तो कुठून पकडून आला हे ठाऊक नसताना विकत घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

धागाकर्ती, नऊ दिवसांनी

मनःपूर्वक आभार. पाचवा लोच खरोखरच फिल्टरच्या डब्यात, स्पंजच्या खालच्या गाळात जिवंत सापडला आणि तो बाकीच्यांपेक्षा चांगला पोसलेला आहे. सहावा टँकमागे भिंतीलगत वाळलेल्या अवस्थेत मिळाला. झाकण मीच काढले होते, याचे फार वाईट वाटले. आता मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली आहे आणि पंखा तिच्यावरूनच चालतो. टीडीएस 700 च्या आसपास आला आहे, आणि एअर स्टोन लावल्यापासून पहाटेचे वर येणे बरेच कमी झाले आहे. दोघे अजून कृश आहेत, तरी काल रात्री पाचही जण गोळ्यांपाशी जमले होते.

आता एकच विचारायचे आहे. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी पाहून जीव कासावीस होतो. पावसाळ्यात पहिल्या काही सरी सोडून गच्चीवरचे पाणी पिंपात धरले आणि ते बोअरच्या पाण्यात मिसळले, तर ते लोचना चालेल का? कोणी असे केले असल्यास प्रमाण किती ठेवले, ते कृपया कळवावे.