आबा म्हणतात, सशांवर करून बघितलेली गोळी मला नको

जांबोटीकर
आमच्या आबांना पार्किन्सन. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी लागू पडली की शर्टाची बटणं स्वतः लावतात, गोठ्यापर्यंत जाऊन येतात. असर उतरला की बशी ओठाला लागेतोवर निम्मा चहा धोतरावर. माणूस माळकरी. नातवानं मोबाइलवर वाचून दाखवलं की हे औषध आधी सशांवर करून बघितलेलं. झालं! "कुणाचा जीव घेऊन माझा हात थांबवूलालासा?" म्हणून कालपासून गोळ्या उशीखाली. आता वैद्याची खाजकुयलीची पूड घेतो म्हणतात. सशांचा काही संबंध नाही असं खोटं सांगून टाकू का?

निपाणीचा फार्मासिस्ट
आधी डॉक्टरांना फोन लावा. ही गोळी एकदम सोडली तर अंग ताठतं, ताप चढतो, जिवावर बेतू शकतं.

खोटं सांगू नका, नातू परत वाचून दाखवणारच. 1957 साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसननी सशांना रिसर्पिन दिलं. ते आपल्याच सर्पगंधेतलं, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी 1949 मध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला होता. रिसर्पिननं मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, संपतं. ससे जागच्या जागी बसले, हलेनात. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं; ते टोचल्यावर थोड्या वेळात उठून हिंडायला लागले. 2000 सालच्या नोबेलमध्ये कार्लसनना वाटा मिळाला तो डोपामिनच्या याच कामासाठी.

आणि खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपाच असतं! म्हणजे आबा सशाला चुकवून परत सशापाशीच. वर पुडीत ते किती, कोण मोजणार? सोबत कार्बिडोपा नाही, त्यामुळे बरंचसं औषध मेंदूत पोचायच्या आधीच खर्ची पडतं आणि मळमळतं ते वेगळंच.

टिळकवाडीची रेवा
ससे उठले हे सांगता, पण त्यांना बसवलं कुणी? माकडांना एमपीटीपी नावाचं विष टोचून मुद्दाम पार्किन्सनसारखा आजार आणतात. अल्झायमरच्या किती औषधांनी उंदीर सुधारले, माणसं नाही सुधारली. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असतं, हे तर 1960 मध्ये व्हिएन्नात मृत माणसांच्या मेंदूंवरूनच कळलं. नव्या औषधांसाठी प्राण्यांऐवजी पेशी, कॉम्प्युटर वगैरे पद्धती 2023 पासून आपल्या नियमांतही बसतात. आबांचं काही चुकलेलं नाही.

निपाणीचा फार्मासिस्ट
प्रश्न रास्तच आहे की. पण एमपीटीपी आधी माणसांनाच भोवलं. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं हेरॉइन टोचून घेतलेली तरुण पोरं ताठून पडली, तेव्हा हे विष सापडलं. पुढं 1990 मध्ये माकडांवरच दिसलं की मेंदूतली एक छोटी जागा निकामी केली तर कंप आणि ताठरपणा उतरतो. आज डीबीएसची, म्हणजे मेंदूला बारीक वीज देणाऱ्या उपचाराची, तार बहुतेक वेळा त्याच जागी बसवतात. नव्या प्रयोगांवर खुशाल भांडा, मीही येतो. झालेल्या प्रयोगाची गोळी उशीखाली ठेवून कुठल्या सशाचं भलं होणार?

जांबोटीकर
डॉक्टर ओरडले, पण कशी सुरू करायची ते सांगितलं. आबांना सगळं वाचून दाखवलं. गोळी घेतली! तीही रेवाताईंचं ऐकल्यावर, ही गंमत. "कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं की," म्हणाले.
एक राहिलं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते. गोळी आधी द्यायची की नंतर?

निपाणीचा फार्मासिस्ट
आधी, अर्धा-पाऊण तास. खिचडीतल्या दाण्याच्या कुटात प्रथिनं असतात, ती लेव्होडोपाच्या आड येतात. दुधाचंही तेच. मळमळलं तर गोळीबरोबर रताळ्याची एखादी फोड चालेल.